बाबांची पेटी आणि माशांचे झाकण

वाचकहो, मी कारकून माणूस. बी. कॉम. झालो, एका कार्यालयात हिशेबाचे टेबल सांभाळतो आणि उरलेला वेळ वस्तीच्या कामात घालवतो. लाकडाशी माझा संबंध खुर्ची-टेबलापुरताच. अशा माणसाने माशांच्या मोठ्या टाकीसाठी स्वतःच्या हाताने लाकडी झाकण केले, आणि तेही दोनदा केले, असे सांगितले की ओळखीचे लोक हसतात. हसू द्या. पहिले झाकण फसले, दुसरे टिकले. आणि या दोन झाकणांच्या मध्ये आमच्या घरातली एक पेटी उघडली गेली. ती पेटी मी लहानपणापासून कुलूप लावलेलीच पाहत आलो होतो. त्या पेटीसाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

सदरमध्ये मोहननगर-खलाशी लाइनच्या बाजूला आमची अभ्यासिका आहे. दोन खोल्या, एक लांब सतरंजी, सहा बाके आणि पुस्तकांची दोन कपाटे. संध्याकाळी तीस-चाळीस मुले येतात. ज्यांच्या घरी एकाच खोलीत टीव्ही, स्वयंपाक आणि आजारी माणूस असतो, त्यांना अभ्यासाला ही जागा. अडीच वर्षांपूर्वी एका दुकानदाराने दुकान आवरताना आपली माशांची टाकी आम्हाला देऊन टाकली. टाकी म्हणजे लहानसहान नव्हे. पाच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच आणि काच १२ मिलिमीटर जाड. आठ जणांनी हातगाडीवर घालून आणली. मी कागदावर हिशेब केला तर काठाखाली दोन बोटे सोडून पाणी भरले तरी ३९० लिटरच्या घरात पाणी, म्हणजे तितकेच किलो वजन, वर ९० किलोच्या आसपास काच आणि खालची वाळू. एकूण पाच क्विंटल. म्हणून लोखंडी कोनाचा भक्कम स्टँड करवून घेतला आणि टाकी भिंतीला लागून जमिनीवर पक्की बसवली. इथपर्यंत सारे ठीक झाले.

मुलांना काय आनंद झाला होता! गोल्डफिश आणले, गुरामी आणले. मारकुटी पोरेसुद्धा टाकीपुढे मांडी घालून गप्प बसू लागली. पण टाकीला झाकण नव्हते. दुकानातले जुने झाकण तुटून गेले होते. उजेड पाहिजे म्हणून मी एक ट्यूबलाइटची पट्टी आणली आणि सुतळीने खिडकीच्या गजाला बांधून टाकीवर टांगली. कारकुनी डोके! सुतळी रोज वाफेने भिजते, कुजते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी सुतळी तुटली आणि चालू पट्टी एका टोकाने पाण्यात पडली. दुसरीतला एक मुलगा "काका, लाइट पडला" म्हणत तो काढायला हात घालायला धावला. दहावीची एक मुलगी दाराजवळ बसली होती. तिने त्याचा शर्ट धरून त्याला मागे ओढले आणि दुसऱ्या मुलीने पळत जाऊन मेन बंद केले. कोणाला काही झाले नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्याच्या चुकीवर सभेत बोट ठेवणारा मी. इथे बोट माझ्याकडेच होते. त्या मुलाची आई धुणीभांडी करते. तिने विश्वासाने पोर आमच्याकडे पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. बहुतेकांचे म्हणणे पडले की टाकी काढून टाका, अभ्यासिकेत माशांचे काय काम? म्हणणे चूक नव्हते. पण मुलांचे चेहरे पाहून मी बोलून गेलो, "मला एक महिना द्या. पक्के झाकण करतो. नाही जमले तर टाकी मीच उचलून नेईन."

बाजारात एवढ्या मोठ्या मापाचे तयार झाकण मिळेना. सुतार जी मजुरी सांगत होता ती आमच्या वर्गणीच्या डब्याला झेपणारी नव्हती. मग मी ठरवले, आपणच करू. चार फळ्या आणि वर एक पाटा, त्यात काय मोठे?

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या घरातच सुतार होता आणि मी त्याला विचारले नाही. माझे बाबा मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात सुतार होते. कडबी चौकाजवळचा हा कारखाना नॅरोगेजच्या, म्हणजे दोन फूट सहा इंच रुंदीच्या छोट्या रुळांच्या गाडीचा. नागपूरहून छिंदवाड्याला आणि नागभीडला जाणारी ती गाडी जुन्या लोकांना आठवत असेल. छिंदवाड्याची २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये बंद झाली, रूळ मोठे करण्यासाठी. २००२ पासून मोतीबागेतच त्या गाड्यांचे संग्रहालय आहे. पोरांना घेऊन एकदा अवश्य पाहून या. बाबा तिथे खलाशी म्हणून लागले आणि हळूहळू सुतार झाले. डब्यांची बाके, दारे, खिडक्यांच्या झडपा त्यांच्या हाताखालून गेल्या.

त्यांच्या खाटेखाली हत्यारांची पेटी होती आणि तिला कायम कुलूप असे. लहानपणी एकदा मी किल्ली शोधून रंधा बाहेर काढला होता. बाबांनी तो हातातून हिसकावून घेतला. त्यांनी मला मारले नाही, पण त्यांचा चेहरा असा झाला की मी पुन्हा कधी त्या पेटीला हात लावला नाही. माझी समजूत झाली की बाबांना आपल्या कामाची लाज वाटते. पुढे मी पदवीधर झालो, खुर्चीवर बसलो, आणि त्यांच्या कामाबद्दल त्यांना कधी काही विचारले नाही. विचारले तर त्यांना वाईट वाटेल, असे मला वाटायचे. आज कळते की विचारले नाही म्हणूनच त्यांना वाईट वाटत होते.

तर मी एकट्यानेच पहिले झाकण केले. स्वस्त पडते म्हणून साधी कमर्शियल प्लाय आणली. टाकीचे माप एकाच जागी घेतले. काचेची टाकी हातानेच चिकटवलेली असते, एका टोकाला दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असतेच. झाकण एका कोपऱ्यावर अडकले, तेव्हा मी ते कानसीने घासून दाबून बसवले. सगळीकडे लोखंडी खिळे मारले. ट्यूबची पट्टी आत स्क्रूने पक्की केली. मांजर जाऊ नये, पाल पडू नये म्हणून चारही बाजूंनी बंद केले. बाहेरून तपकिरी रंग लावला. लांबून पाहिले तर छान दिसत होते. बैठकीत माझी पाठ थोपटली गेली.

एप्रिल गेला, मे आला. नागपूरचा मे वाचकांना सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी आपल्या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले होते. त्या उन्हाळ्यात तेवढे नसले तरी अभ्यासिकेवर टिनाचे छत आहे. एके दिवशी दुपारी मुले निरोप घेऊन आली की मासे वर येऊन तोंड उघडून राहिले आहेत. माझी मुलगी अकरावी विज्ञानाला होती. तिने थर्मामीटर पाण्यात धरला तर ३४ अंश. पाणी जसे तापते तसा त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांवर तो सातच्या खाली येतो. गोल्डफिशला तर थंड पाणीच मानवते. वरून माझे झाकण म्हणजे कोंडलेली वाफ आणि त्यात ट्यूबचा चोक तापलेला. झाकण उचलायला गेलो तर ते उचलेना. प्लाय पाणी पिऊन फुगली होती, पदर सुटले होते, खिळ्यांतून गंजाचे ओघळ उतरले होते. शेवटी ओढून काढले. तोवर तीन मासे मेले होते.

लहान मुलांनी अंगणातल्या कडुनिंबाखाली ते पुरले. ज्याला शॉक बसता बसता वाचला होता, त्या मुलाने मला विचारले, "काका, झाकण तर लावलं होतं न, मग काहून मेले?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या संध्याकाळी बाबा काठी टेकत अभ्यासिकेत आले. वय अठ्ठ्याहत्तर, हात थरथरतात. कोणी बोलावले नव्हते. माझ्या मुलीने घरी जाऊन सांगितले असणार. त्यांनी ते फुगलेले झाकण उलटे केले, प्लायच्या कडेवरून बोट फिरवले, हुंगून पाहिले आणि म्हणाले, "हे झाकण नाही रे. हे खोकं होय. झाकणाले नाक लागते."

घरी आल्यावर त्यांनी उशीखालून किल्ली काढून नातीच्या हाती दिली. पेटी उघडली तेव्हा आत रंधे, पटाशा, गुण्या, करवत सगळे तेल लावून कापडात गुंडाळलेले. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी हत्यारांवर गंजाचा एक ठिपका नव्हता. म्हणजे आम्ही झोपलो की कोणी तरी ते पुसत होते. तळाशी लाकडाचा एक तिरपा तुकडा होता. "हे काय, आबाजी?" मुलीने विचारले.

"झडपीचा साचा होय. गाडीच्या खिडकीत पट्ट्या किती तिरप्या बसवाच्या, त्याचं माप. अशा बसवल्या का हवा आत येते अन् पाणी बाहीरच गळते. तुमच्या मास्याच्या टाकीले याचंच काम आहे, फक्त उलटं. पाणी आत राहिलं पायजे अन् वाफ बाहीर गेली पायजे."

माझे डोके खाली गेले. तोट्याच्या खात्यात मी सतराशे रुपये आणि तीन मासे लिहिले होते. उत्तर खाटेखाली पडून होते.

जूनमध्ये कामाला लागलो. शनिवार-रविवार आणि संध्याकाळचे दोन तास. बाबा अंगणात खुर्चीवर बसून सांगणार, मी आणि मुलगी करणार, असे ठरले. लकडगंजात जाऊन जुन्या दाराची सागवानी चौकट आणली. बाबांचे म्हणणे असे की नव्या लाकडापेक्षा जुने बरे, ते जेवढे वाकायचे तेवढे वाकून घेतलेले असते. सागवानात अंगचे तेल असते म्हणून पाण्याला तो टिकतो. बाजूंसाठी प्लाय घेतली ती मात्र मरीन, आयएस ७१० असा शिक्का असलेली. साध्या प्लायचा डिंक पाण्याने सुटतो. या मरीन प्लायचा तुकडा तपासणीत ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात, तरी पदर सुटता कामा नयेत असा नियम आहे. पैसे दुपटीच्या जवळ गेले, पण एकदाच गेले.

मापाचा पहिला धडा मिळाला तो टेपशिवाय. बाबांनी दोन बारीक पट्ट्या एकमेकांवर सरकवत टाकीच्या या काठापासून त्या काठापर्यंत धरायला लावल्या आणि तिथे पेन्सिलीची खूण. तीन ठिकाणी खुणा केल्या, तिन्ही वेगळ्या आल्या. सर्वांत मोठे माप धरायचे आणि वर नखभर जागा सोडायची, कारण पावसाळ्यात लाकूड आडवे फुगते. मग चौकट काटकोनात आली की नाही हे पाहायचे होते. बाबा म्हणाले, "कोपऱ्यापासून इकडे अठरा इंचावर खूण कर, तिकडे चोवीसवर. दोन खुणांच्या मधी तीस भरले पायजे. भरले तर कोपरा सच्चा." मुलगी ओरडलीच, "आबाजी, हा तर पायथागोरस! अठराचा वर्ग अन् चोवीसचा वर्ग मिळून नऊशे, म्हणजे तीसचा वर्ग!" बाबा म्हणाले, "असन. आमच्या मिस्त्रीनं नाव नव्हतं सांगितलं." आम्ही तिघेही हसलो. माझ्या आठवणीत बाबांच्या कामाच्या गोष्टीवर आमच्या घरात कोणी हसल्याची ती पहिलीच वेळ.

पण सगळेच असे हसतखेळत झाले नाही. मुलीने रंधा हातात घेतला तशी बाबांनी तिला अडवले. "तू नको. तू अभ्यास कर. तुह्या बापाले दे." ती हट्टाला पेटली. म्हणाली, मुलगी आहे म्हणून का? बाबा काही बोलेनात. त्या दिवशी काम तिथेच थांबले.

रात्री जेवणानंतर मी प्रथमच विचारले, "बाबा, तेव्हा माझ्या हातचा रंधा काहून हिसकावला होता? तुम्हाला या कामाची लाज वाटत होती का?"

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लाज? माह्या बापाच्या हातात हत्यारच नव्हतं. दुसऱ्याचं ओझं होतं. आपल्या घरात पहिल्यांदा हत्यार म्या धरलं. गाडीत बसलो का हात फिरवून पाहो, ही झडप आपली होय. मले लाज कशाची वाटन? पण तुह्या हाताले ते लवकर जमलं असतं. जमलं असतं तर तू तिथंच थांबला असता. म्हणून लपवलं."

मी काही बोललो नाही. मला लहानपणची एक गोष्ट आठवली. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो होतो तेव्हा बाबांनी मला मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय आम्हा गावाकडच्या लोकांना केवढे नवल होते! मी मासे पाहत होतो आणि बाबा काचांभोवतीच्या चौकटींवरून हात फिरवत होते. तेव्हा मला त्यांचा संकोच वाटला होता.

माझी पत्नी स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "मामाजी, पोरगी तर पुस्तक धरून आहे. आता रंधा धरल्यानं ती काहून थांबन?" बाबांनी तिच्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात बसले आणि नातीला म्हणाले, "ये. लाकडाच्या रेषा पाय पयले. रेषेसंगं चालव, उलटा चालवशीन तर फाडन." त्यांनी आपला थरथरता हात तिच्या हातावर ठेवला. रंध्यावर दोन हात असले की त्यांचा हात थरथरत नव्हता.

झाकण कसे केले ते थोडक्यात सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. उंची दहा इंच. चार कोपऱ्यांत सागवानी उभ्या, त्यांना आडव्या पट्ट्या. जोड खिळ्याने नाही. आडव्या लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, उभ्यात तेवढीच खाच, आणि पाण्याला टिकणारा डिंक. आतल्या अंगाने चारही बाजूंना पट्टी ठोकली, म्हणजे झाकण काचेच्या काठावर बसते आणि कडा इंचभर खाली उतरून बाहेरून काठ झाकते. पुढची बाजू उघडझाप करणारी. पाच फुटांचे एकच फाळके मधून लोंबते, म्हणून दोन केली. कब्जे आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. मी पितळी घेणार होतो, पण पितळेत तांबे असते आणि पाण्यात उतरलेले तांबे माशांना बाधते. मागच्या बाजूला नळ्या जायला फट. आणि दोन्ही बगलांना बाबांच्या साच्याने बसवलेल्या तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, आतून बारीक जाळी, म्हणजे पाल आणि डास आत जाणार नाहीत.

पॉलिशवरून आजोबा-नातीचा वाद झाला. बाबांचा आग्रह चपडा लाखेच्या पॉलिशचा. मुलगी म्हणाली, वाफेत ते टिकणार नाही. बाबा म्हणाले, करून पाय. तिने प्लायचे दोन तुकडे घेतले. एकाला लाखेचे पॉलिश, दुसऱ्याला पीयू, आणि दोन्ही आठ दिवस पाण्याच्या बादलीवर पालथे ठेवले. लाखेचा तुकडा पांढरा पडला. बाबांनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "तुह्या बाजूनं." हरल्याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर नव्हते. मग बाहेरून पीयूचे तीन हात, आतून पांढरा इपॉक्सी रंग, कारण पांढऱ्यावरून उजेड पाण्यात जास्त परततो. प्लायच्या कापलेल्या कडांना एक हात जास्त, कारण प्लाय पाणी पिते ते कडेनेच. वास पूर्ण जाईपर्यंत पंधरा दिवस झाकण अंगणातल्या शेडमध्ये ठेवले.

विजेच्या बाबतीत यावेळी मी काही राखले नाही. ट्यूब बाद. १२ व्होल्टवर चालणाऱ्या एलईडी पट्ट्या लावल्या आणि त्यांचा अडॅप्टर टाकीपासून दूर भिंतीवर. उद्या पट्टी पाण्यात पडली तरी मुलाच्या जिवाला धोका नाही. प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली लोंबती ठेवली, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी तिथेच गळते, सॉकेटपर्यंत चढत नाही. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली. वीज माणसाच्या अंगातून जाऊ लागली तर ती क्षणार्धात प्रवाह तोडते. सीताबर्डीतून संगणकात असतात तसे १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे आणले. एका बगलेचा हवा आत घेतो, दुसऱ्या बगलेचा बाहेर टाकतो.

या पंख्यांचे काम काय, हे मुलांना समजावताना मला मजा आली. आपल्या नागपुरातला कूलर कसा गार करतो? पाणी उडून जाते, जाताना उष्णता घेऊन जाते. इथेही तेच. पंखा पाण्यावरून हवा फिरवतो, थोडे पाणी उडते आणि उरलेले थंड होते. रोज लिटर-दीड लिटर पाणी कमी होते, ते आदल्या दिवशी बादलीत भरून उघडे ठेवलेले पाणी घालून भरायचे, म्हणजे क्लोरीन निघून गेलेला असतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरसारखाच याचाही उपयोग फारसा होत नाही, पण तेव्हा गरजही नसते.

ऑगस्टमध्ये झाकण बसवले. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने मुलगी. ते काठावर उतरताना लाकडाचा जेमतेम आवाज झाला. बाबांनी चारही कोपऱ्यांत नख घालून पाहिले, सगळीकडे सारखी फट. ते काही बोलले नाहीत. पण झाकणाची उजवी झडप दोन वेळा उघडून लावली. गाडीची खिडकी लावावी तशी.

यंदाचा उन्हाळा हीच खरी परीक्षा होती. मुलांनी वहीत रोज दुपारचे तापमान लिहिले. पाणी ३१ अंशांच्या वर गेले नाही. आता गोल्डफिश ठेवत नाही, उष्णता सोसणारे गुरामी आणि मोली ठेवतो. एकही मासा उडी मारून बाहेर पडला नाही आणि झाकण एवढेही फुगले नाही.

हिशेब सांगणे माझा धर्म आहे. दुसऱ्या झाकणाला दिवे, पंखे आणि आरसीसीबी धरून सहा हजार आठशे रुपये लागले. साडेचार हजार वर्गणीतून आले, बाकीचे मी घातले, कारण पहिली चूक माझी होती. बाबांची मजुरी कोणत्या रकान्यात लिहावी हे मला समजले नाही, म्हणून तो रकाना रिकामा ठेवला आहे.

पालकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरी किंवा संस्थेत माशांची टाकी असेल तर आज संध्याकाळीच तिच्यावरचा दिवा आणि वायर पाहा. सुतळी, उघडा जोड किंवा लोंबता बोर्ड असेल तर आधी मेन बंद करा. दुसरे, ज्या मुलांना माशांची आवड आहे त्यांना सांगा की हा अभ्यासाचाही विषय आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नागपुरातच आहे, त्याचे मत्स्यविज्ञान महाविद्यालयही इथेच आहे. बारावी विज्ञानानंतर चार वर्षांची पदवी मिळते. आपल्यातल्या कितीतरी घरांत हे माहीतच नसते.

आणि एक गोष्ट माझ्यासारख्या, खुर्चीवर बसलेल्या मुलांसाठी. आपल्या वडिलांनी गिरणीत, रेल्वेत, विणकरीत, बांधकामावर जे काम केले ते आपल्याला शिकवले नाही, कारण आपण पुढे जावे अशी त्यांची इच्छा होती. आपण पुढे आलो. आता मागे वळून त्यांना विचारायला काय हरकत आहे? त्यांच्या हातात पायथागोरस आहे, वाऱ्याचे आणि पाण्याचे शास्त्र आहे. त्यांना त्याची नावे माहीत नाहीत एवढेच. ते असेपर्यंत विचारून घ्या.

बाबांच्या पेटीला आता कुलूप नाही. रविवारी सकाळी अभ्यासिकेची चार-पाच मुले अंगणात येतात. सध्या पुस्तकांच्या कपाटाचे मोडलेले दार दुरुस्त होत आहे. पहिला नियम बाबांनीच घालून दिला आहे, गृहपाठाची वही दाखवल्याशिवाय कोणाच्या हातात रंधा द्यायचा नाही.